फळ्यावरची हिरवी कार्डं

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू ज्यासाठी गावी गेलीस, ते आईचं प्लास्टर उतरलं का? फोनवर तोंडातून शब्द फुटेना, म्हणून हे पत्र बसड्रायव्हरच्या हाती देतोय.

कारखान्यातला विमानाच्या पंखांचा विभाग माझ्याकडे आला, तेव्हा मी नियम केला: रोज सकाळी फळ्यावर प्रत्येकानं हिरवं कार्ड लावायचं. अडचण असेल तर लाल, पण मग उपाय घेऊनच माझ्या केबिनमध्ये यायचं. सात महिने फळा हिरवागार! मोठे साहेब सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचे आणि मी आपला फुशारलेला.

काल सहज पंखात हात घातला, तर बोल्ट आखूड. नट जेमतेम दोन आटे धरतोय. भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, दोन महिन्यांपासून माहीत आहे, उपाय सापडेना म्हणून हिरवं लावत राहिलो. तुझा नवरा, ताई, माझा सर्वांत जुना फिटर! अशी अकरा विमानं माणसं घेऊन उडताहेत. साहेब म्हणतात, बोभाटा नको, पुढच्या सर्व्हिसिंगला गुपचूप बदलू. काय करू?

तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. तुझं मात्र डोकं ठिकाणावर नाही. अरे गाढवा, मला कसलं विचारतोस? विमानं उतरव आधी! नोकरी गेली तर जाऊ दे, मी घालीन जेवायला.

आणि ह्यांच्यावर खेकसू नकोस. ह्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मीच म्हणाले, रिकाम्या हातानं जाऊ नका, तो सगळ्यांदेखत झापेल. मागे त्या रंगाऱ्याला झापलं होतंस ना, तसं. भाऊ आणि नवरा, दोघांची अब्रू राखायला गेले. जळो माझं शहाणपण!

उत्तर मागाहून लिही. माया कुठे जात नाही.

ताई

५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सगळ्या विमान कंपन्यांना मीच फोन केले. साहेबांनी तिथल्या तिथे मला घरी बसवलं. दहा विमानं जमिनीवर सापडली. अकरावं समुद्रावर होतं. भाऊजी आणि मी तीन तास फोनपाशी बसून होतो, पाणीसुद्धा प्यायलो नाही.

उतरलं, ताई. डाव्या पंखातले दोन बोल्ट जागेवर नव्हतेच. एकशे साठ माणसं बॅगा उचलून घरी गेली.

मग भाऊजींनी विचारलं, मी तेव्हा उपाय न घेता तसाच आलो असतो, तर तू ऐकून घेतलं असतंस का? मी खरं तेच सांगितलं, नसतं घेतलं. ते उठून गेले.

तू लवकर ये. थोडा लोभ उरला असेल, तर माझ्याही घरी ये.

धाकटा