सरदारांच्या पायाशी उरलेली जागा

देवाला स्मरून आणि स्पेनच्या राजाला न दुखवता, मी गास्पार दे ओलमोस, वय अंदाजे साठ, राहणार हुआमांगा, मुलूख पेरू, हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. पाय सुजले आहेत, जीभ शाबूत आहे. बुद्धीही शाबूत आहे, मात्र एका गोष्टीत बावीस वर्षं तिचा गोंधळ उडालेला आहे. ती गोष्ट तिसऱ्या कलमात येईल.

१. राहतं घर, मक्याचं शेत आणि दोन खेचरं माझी बायको इनेस चिंपू हिला. जमीन मुळात तिच्याच भावांची. राजाने ती मला बक्षीस दिली तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२. तलवार बेनितो गवंड्याला. त्याने भिंत वाकडी बांधली, त्याबद्दल दिलेल्या शिव्या मी मागे घेत नाही. पण आजारपणात रोज बटाट्याचं कालवण त्यानेच आणलं.

३. मला मठाच्या देवळात सरदार लोपे दे बाराओना यांच्या पायाशी पुरावं. तिथे एकाच माणसाची जागा उरली आहे आणि तोमे कास्त्रिल्योचा तिच्यावर डोळा आहे. त्याला ती कदापि देऊ नये. आम्ही दोघे सरदारांचे उजवे-डावे हात. सरदार मला म्हणत, "गास्पार, तोमेवर नजर ठेव." त्यालाही माझ्याबद्दल तेच सांगत असणार. त्यांनी राजाविरुद्ध बंड केलं तेव्हा दोघांनीही साथ न सोडण्याची शपथ घेतली. लढाईच्या सकाळी तोमे घोडा फेकत थेट राजाच्या फौजेत निघाला. त्याला ठार करायला मी मागे गेलो. पोचलो तर तिथल्या लोकांनी मलाच मिठ्या मारल्या! आम्हाला जाताना पाहून आमची माणसं फुटली. राजाशी निष्ठेबद्दल आम्हा दोघांना माफी आणि जमीन मिळाली. दुसऱ्या दिवशी सरदारांचं शिर उडवलं. वधाला जाताना ते मला म्हणाले, "तूही आलास? बरं केलंस." हा टोमणा होता की आशीर्वाद, मला अजून कळलेलं नाही.

साक्षीदार कमी पडला म्हणून इनेसने शेजारून तोमेलाच बोलावून आणलं. कारकुनाने तिसरं कलम वाचून दाखवलं. पुढचं बोलणं जसंच्या तसं लिहावं, ही माझी आज्ञा.

तोमे म्हणाला, "अरे गाढवा, मी पळालो कुठे? घोडा उधळला माझा! समोर माजावर आलेली घोडी होती."

"मग इतकी वर्षं दातखीळ बसली होती का?"

"निष्ठेची जमीन खात होतो लेका. घोड्याने आणलं म्हणालो असतो, तर मुंडकं राहिलं असतं? पण तू कशाला आलास माझ्यामागे?"

इनेस म्हणाली, "सांगा ना त्यांना."

४. तिसरं कलम रद्द. तोमेला त्याच्या घोड्याने नेलं. माझ्या घोड्याला टाच मी मारली. सरदार एकटे पडले, हे मी वळून पाहिलंही होतं, पण तोमेचा जीव घेण्याची घाई जास्त होती. मला लाज वाटते. जागा तोमेला द्यावी.

तोमे म्हणतो, "नको रे. मी तरी कोणत्या तोंडाने झोपू तिथे?"

कारकून विचारतो, मग काय लिहू? लिहा: जागा रिकामी ठेवावी. त्या दिवशी सरदारांपाशी कुणी नव्हतं.

हुआमांगा, १४ ऑगस्ट १५७१.

सही: गास्पार दे ओलमोस
साक्षीदार: फ्रे मातेओ, मठाचे पाद्री
साक्षीदार: तोमे कास्त्रिल्यो. लिहिता येत नाही म्हणून फुली.