शिफ्टमध्ये फक्त इंग्रजी

२ फेब्रुवारी, रविवार

वर्षाकडे हळदीकुंकू. संक्रांत होऊन गेली, पण इथे अमेरिकेत वीकेंड मिळेल तेव्हा. तिच्या मुलीने नववीला कोणती भाषा घ्यावी यावर चर्चा. मँडरिन की फ्रेंच. कोणीतरी म्हणालं, स्पॅनिश सोपी असते. वर्षा म्हणाली, "अगं पण बोलणार कोणाशी? माळ्याशी?" इथले माळी बहुतेक स्पॅनिश बोलणारे. सगळ्या हसल्या. मीही.

माझ्या सईच्या वेळी मी हेच म्हणाले होते. फक्त माळ्याच्या जागी क्लीनिंगवाली. सईने ऐकलं नाही, चार वर्षं स्पॅनिशच घेतली. आता कॉलेजात, दोन तास लांब. रविवारी फोन करते. आज नाही केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसमधून तशीच नानांकडे, माझ्या वडिलांकडे. त्यांना त्या केअर होममध्ये ठेवून आज पाच महिने. साधं बैठं घर आहे, सहा म्हातारी माणसं, पाळीपाळीने दोन-दोन बायका बघतात. बाहेरून कळतही नाही.

स्ट्रोकनंतर नानांचं इंग्रजी गेलं. पुसल्यासारखं. अमरावतीला तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं त्यांनी. आता जे काय उरलंय ते वऱ्हाडी. तेही चार-सहा शब्दांचं वाक्य. स्पीच थेरपिस्ट म्हणते की कानावर इंग्रजी पडत राहू द्या, कदाचित येईल परत. कदाचित.

गेले तर एल्बा त्यांना भरवत होती. एल्बा एल साल्वादोरची, पन्नाशीची असेल, दिवसाची शिफ्ट तिची. इंग्रजी कामापुरतं. घास घेऊन स्पॅनिशमध्ये अखंड बोलत होती. नाना मधेच म्हणाले, "सी, सी," म्हणजे हो, हो. मग वऱ्हाडीत तिला काहीतरी मोठं सांगायला लागले, भाताबद्दल. ती मान डोलवत होती जणू सगळं कळतंय.

मला राग आला. का ते नीट माहीत नाही. तिला म्हटलं, "एल्बा, प्लीज, इंग्लिश विथ हिम." ती म्हणाली, "येस, सेन्योरा."

नानांना इंग्रजी सोडून दुसरंच काहीतरी येतंय. तेही स्पॅनिश.

९ फेब्रुवारी, रविवार

केअर होममधल्या सगळ्या कुटुंबांना ग्रुप ईमेल आली. दोन नंबरच्या खोलीतल्या आजींचा मुलगा ग्रेग याची. स्टाफ आपापसात स्पॅनिशमध्ये बोलतो, आपल्या आईवडिलांसमोर काय बोलतात आपल्याला कळत नाही, हा सेफ्टीचा प्रश्न आहे, शिफ्टमध्ये फक्त इंग्रजी असा नियम हवा. सगळ्यांनी आपलं मत कळवावं.

नवऱ्याला, शिरीषला, वाचून दाखवली. तो पेपर टॉवेलचं पुडकं फोडत होता. म्हणाला, "बरोबरच आहे. आपल्याबद्दल काय बोलत असतील कोण जाणे."

मी लिहिलं: अग्री. थँक्स फॉर रेझिंग धिस.

डिशवॉशर लावला. सोमवारची डेमो स्लाइड पुरी केली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केअर होमच्या फ्रिजवर छापील कागद: शिफ्टमध्ये फक्त इंग्रजी. घराची मालकीण डेब्रा म्हणाली, सहाही कुटुंबांनी होकार दिला, एका दिवसात. तिला बरं वाटलेलं दिसलं.

घर शांत आहे. आधी स्वयंपाकघरातून आवाज असायचा, एल्बा आणि दुसरी ती तरुण मुलगी. आता नळाचा आवाज. एल्बा नानांना म्हणते, "वॉटर, सर." "फिनिश, सर." आधी 'दोन नाना' म्हणायची. मला ते दोन नाना, तीन नाना असं वाटायचं. सईने सांगितलं होतं, दोन म्हणजे आपलं 'राव' किंवा 'साहेब' तसं, मानाचं.

नाना तिच्या तोंडाकडे बघत राहतात. ती थांबली की तेही थांबतात. अर्धी वाटी खाल्ली.

१८ फेब्रुवारी, मंगळ.

नानांचं वजन दोन पौंड कमी. इंग्रजी आलेलं नाही.

गाडीचे वायपर बदलले.

१९ फेब्रुवारी, बुध.

दुकानात कोथिंबीर घेत होते, फोनवर मावशी. अमरावतीची मावशी, तिला ऐकू कमी येतं म्हणून मी मोठ्याने बोलत होते. शेजारी एक बाई, साधारण माझ्याच वयाची, नीटनेटकी. म्हणाली, "यू'र इन अमेरिका. स्पॅनिश घरी बोला." शांतपणे म्हणाली. रागावलेलीसुद्धा नव्हती.

मी म्हटलं, "धिस इज नॉट स्पॅनिश. आय'म फ्रॉम इंडिया."

ती "ओह" म्हणाली. "सॉरी" पण म्हणाली. आणि मी, मी तिला म्हटलं, "नो प्रॉब्लेम."

कोथिंबीर तिथेच राहिली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं. त्या बाईपेक्षा मी काय म्हटलं तेच डोक्यात. 'का नको बोलू' असं नाही आलं तोंडात. 'मी त्यांच्यातली नाही' हे आलं. लगेच आलं. तयारच होतं.

शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, "चल, सॉरी म्हणाली ना." हो. म्हणाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. ऑफिस, ८८० हायवे, घर. मुगाची खिचडी.

लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासूबाई पाहुण्यांना म्हणायच्या, "हिला जरा बोलतं करा, मजा येते, नागपुरी आहे." मी अमरावतीची. पण त्यांना विदर्भ म्हणजे नागपूर. सहा महिन्यांत 'मले-तुले' गेलं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच टाकलं. नाना एकदा फोनवर म्हणाले होते, "तू आता रेडिओसारखी बोलतेस." त्यांना ते आवडलं होतं. चांगली भाषा म्हणजे जिला कोणी हसत नाही ती, असं ते वर्गात सांगायचे.

हे आज का आठवतंय.

२२ फेब्रुवारी, शनि.

डेब्राचा फोन, अकराच्या सुमाराला. नानांनी ताट फेकलं. घरून दिलेलं वरण भिंतीवर. एल्बाचं मनगट घट्ट धरलं, सोडेनात, ओरडत होते. ती त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायला लागली तेव्हा सोडलं. नेमका ग्रेग आईला भेटायला आलेला. दारातून ऐकलं. लेखी तक्रार. एल्बाला यापूर्वी एकदा ताकीद दिलेली होती, माझ्यासमोर नव्हे.

डेब्रा म्हणाली, "मला तिला काढायचं नव्हतं. पण नियम तुम्हा सगळ्यांनीच मागितलेला."

मी म्हटलं, "आय अंडरस्टँड."

दुपारी गेले. मनगटावर बर्फ लावून एल्बा आपला डबा आवरत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही वॉज स्केअर्ड, सेन्योरा. नॉट बॅड. स्केअर्ड." मी मान हलवली. ती गेली. मी भिंत पुसली, कोणी सांगितलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नवीन केअरगिव्हर. छान इंग्रजी. हसतमुख. सगळं नोंदवते, किती वाजता किती मिली पाणी. मिली कमी आहेत.

नाना म्हणाले, "ते बाई कुठी गेली?"

"सुट्टीवर गेली, नाना."

"मले नाई सांगितलं."

मग भिंतीकडे तोंड. मी बसले अर्धा तास. इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, थेरपिस्टने सांगितलेलं. ते झोपले की डोळे मिटले, कळलं नाही.

१ मार्च, शनिवार

सई आली. सरळ नानांकडे गेली, मग घरी. एल्बा कुठे, विचारलं. सांगितलं. नियम कोणी केला, विचारलं. मी ईमेल उघडून लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. बोलण्यापेक्षा ते सोपं.

तिने वाचलं. "यू सेड अग्री."

"हो."

"विदाउट आस्किंग हर एनिथिंग."

"हो."

ती रागावेल असं वाटलं होतं. नाही रागावली. माझ्या शेजारी बसून राहिली, पाय सोफ्यावर घेऊन, लहानपणी बसायची तशी. मग म्हणाली, "आई, हाऊ डू यू फील?" दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच असतो पण. तसं. तिला म्हटलं, ठीक आहे.

तिच्याकडे एल्बाचा नंबर होता. मागच्या नाताळात त्या दोघींनी नानांचे फोटो एकमेकींना पाठवलेले. मला हे माहीत नव्हतं.

२ मार्च, रविवार

सईने एल्बाला मेसेज केला. उत्तर आवाजात आलं, दोन मिनिटांचं. सई वाक्यावाक्याला थांबवून सांगत होती.

नाना पाणी पितात का. ग्लास डाव्या बाजूने धरायचा, उजवीकडचा त्यांना दिसत नाही. "ओत्रो पोकितो" म्हणायचं, म्हणजे 'अजून थोडंसं'. अर्थाने नाही पीत, सुराने पितात. आधी गाण्यासारखं म्हणायचं, मग थांबायचं. त्यांना भात आणि दही एकत्र नको असतं आधी, आधी नुसता भात. तिच्या वडिलांनाही असंच झालेलं, गावी, ती तेव्हा इथे होती, जाता आलं नाही.

शेवटी काहीतरी म्हणाली ते सईने सांगितलं नाही. मी विचारलं. मग सांगितलं. "तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. ती माझ्याशी नेहमी चांगली वागली."

सई संध्याकाळी परत गेली. तिला बसवर सोडलं. भाजी केली नाही, ब्रेड खाल्ला.

४ मार्च, मंगळ.

ग्लास डावीकडून धरला. ओत्रो पोकितो म्हटलं. माझ्या तोंडून परीक्षेत उत्तर दिल्यासारखं आलं. नानांनी माझ्याकडे बघितलं, वर्गात चुकीचा उच्चार ऐकल्यावर बघायचे तसं. दोन घोट प्यायले.

नवीन मुलीने ऐकलं. मी कुटुंबातली, मला नियम नाही.

७ मार्च, शुक्र.

ग्रुपला ईमेल लिहिली. मी दिलेला होकार मागे घेते, नियमामुळे माझ्या वडिलांचं खाणंपिणं कमी झालंय, एल्बाला परत बोलवावं. सहा ओळी. तीन वेळा वाचली, ऑफिसची वाटत होती.

ग्रेगचं उत्तर वीस मिनिटांत. नम्र. तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं, पण माझी आई आता निवांत आहे. बाकी चार घरं गप्प. डेब्रा फोनवर म्हणाली की एकीसाठी नियम बदलता येणार नाही.

शिरीषला म्हटलं, नानांना घरी आणू, खालच्या खोलीत. एल्बा येते का विचारू. तो म्हणाला, "तिला तू सांगणार आहेस का? ईमेलचं?"

"सांगायला पाहिजे."

"मग ती येणार नाही."

टेप घेऊन बाथरूमचं दार मोजून आला. व्हीलचेअर जाते म्हणाला.

१२ मार्च, बुधवार

एल्बाला भेटले. हेवर्डला एका डोनटच्या दुकानात, तिनेच सांगितलेली जागा. सईला बरोबर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. एल्बाला दुसरीकडे आठवड्याचे दोन दिवस मिळालेत. मनगट बरं आहे.

आधी नानांचं विचारलं तिने. सांगितलं. मग मी फोनवर ती ईमेल दाखवली. माझं नाव, खाली ते चार-पाच शब्द. तिने चष्मा काढून फोन जवळ घेऊन वाचलं. तिला वाचता येतं इंग्रजी, बोलण्यापेक्षा चांगलं. हेही माहीत नव्हतं.

फोन परत दिला. म्हणाली, "व्हॉट यू थिंक वी से?"

काय वाटत होतं मला? कधी शब्दांत विचारच केला नव्हता. म्हटलं, "आय डोन्ट नो."

"माय सिस्टर, हर नी ऑपरेशन. द रेन. युअर फादर, ही लाइक द रेड सॉक्स." मग स्पॅनिशमध्ये काहीतरी, हळू, माझ्यासाठी नसलेलं.

घरी येण्याचं विचारलं. विचारताना लाज वाटायला हवी होती, तशी नीट वाटलीही नाही. ती म्हणाली, "आय थिंक." म्हणजे विचार करून सांगते.

कॉफी तिने अर्धी टाकली.

१४ मार्च

एल्बाचा फोन नाही.

१६ मार्च, रविवार

नानांकडे दुपारी. दारात एल्बाचे बूट. डेब्रा म्हणाली, व्हिजिटर म्हणून आलीय, रजिस्टरमध्ये सही केलीय. व्हिजिटरने काय बोलायचं यावर नियम नाही. हे सांगताना डेब्रा माझ्याकडे नव्हे, खिडकीकडे बघत होती.

एल्बा नानांच्या डाव्या हाताला बसलेली. मोठ्याने बोलत होती, आधीपेक्षाही मोठ्याने, ग्रेगच्या आईच्या खोलीपर्यंत जावं असं. नाना मधेमधे हुंकार देत होते. मग म्हणाले, "कायले गेली वं तू?" ती त्याच्यावर बरंच काही बोलली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अख्खा ग्लास प्यायले.

मी दाराशी उभी. आत ये, कोणीच म्हटलं नाही.

ती निघाली तेव्हा बाहेरपर्यंत गेले. विचारलं, काय ठरवलंस. ती जॅकेटची चेन लावत होती. "टुडे आय कम फॉर हिम," म्हणाली.

गाडीने सोडते म्हटलं. नको म्हणाली. बस पाच दहाची होती. कोपऱ्यापर्यंत दिसत होती.