सातव्या ओळीतला शेरा

ती. आप्पामामांस,

लातूरहून सुदर्शनचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून सध्या कागदावरच). मामींचा गुडघा कसा आहे? फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही आधी रागावता आणि मग ऐकता. पत्रात निदान क्रम उलटा होईल.

तुमची नात देविका माझ्या क्लासमध्ये नीटची तयारी करते, हे तुम्ही जाणताच. तिने क्लाससाठी इंटरनेटवर निकालाचं पान तयार केलं, हे मात्र ठाऊक नसेल. दोनशे मुलांची यादी दिली की ते पान आपोआप प्रत्येकाची चौकट मांडतं. वर नाव, मार्क आणि खाली मास्तरांनी शेरा लिहायची जागा. रविवारच्या परीक्षेनंतर मार्कांप्रमाणे क्रम बदलतो. मी तर बघतच राहिलो. चौकट कोणाची हे पानाला कळायला खूण द्यावी लागते म्हणे. तिने विचारलं, रोल नंबर देऊ की ओळीचा? मी ऐटीत सांगितलं, ओळीचाच दे. (आमच्याकडे मुलं मार्कांप्रमाणे बाकावर बसतात आणि आम्ही मास्तर त्यांना बाकावरूनच ओळखतो.)

पुढच्या रविवारी नावं, मार्क हलले. शेरे जागच्या जागी बसून राहिले. सातव्या ओळीत मी 'तासाला झोपते' असं लिहिलं होतं. तिथे आता आरती आली. ही जळकोटच्या पंचाक्षरींची मुलगी, तासाला पापणीसुद्धा विचारून मिटणारी. एक तक्रार आली की शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलेलं. पान पालकांनाही दिसतं. सोमवारी ते हजर, पोरीची ट्रंक ऑटोत. "सर," ते शांतपणे म्हणाले, "झोपायचंच हाय तर घरी पलंग हाय की." आरती ट्रंकेची कडी धरून उभी. बोलण्याचाच पगार घेणाऱ्या मी देविकाला हाक मारली.

देविकाला तुमची गोष्ट आठवली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही शेडच्या नंबरावर औषधं वाटत होता. कुटुंबांनी शेड बदलल्या आणि म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या बाळंतिणीच्या दारात पोचल्या. मग तुम्ही माणसागणिक कार्ड केलंत. तिनेही तेच केलं. ओळीचा नंबर काढून रोल नंबर घातला, जुनी यादी शेऱ्यांसकट परत आणली आणि पंचाक्षरींच्या डोळ्यांदेखत क्रम बदलून दाखवला. शेरा आपल्या मालकिणीबरोबर सातव्यावरून थेट एकोणिसाव्या ओळीत गेला. पंचाक्षरींनी ट्रंक स्वतः उतरवली. मामा, वीस वर्षं शिकवतोय, पण त्या दिवशी मी शिकलो.

मामींना नमस्कार. भोकरला पाऊसपाणी ठीक असेलच.

तुमचा भाचा,
सुदर्शन

ता.क. एकोणिसावी ओळ देविकाची आहे. तासाला झोपणारी तीच. पान करण्यात जागरणं झाली. शेरा कुठे जाणार हे कळ दाबण्याआधीच तिला माहीत होतं. मी हळूच म्हणालो, शेरा पुसून टाकतो. ती म्हणाली, "राहू द्या काका. आजोबाला खोटं पान न्हाई दाखवायचं."

ता.क. २. तिला डॉक्टर व्हायचं नाही. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगला जायचं आहे, आणि हे तुम्हाला सांगायची तिची छाती होत नाही. तुम्ही तिला डॉक्टरांच्या ओळीत बसवलंत, मीही तिला बाकावरूनच ओळखत होतो. सोबत अर्ज आहे. तिचं नाव तिने लिहिलं आहे, पालकांच्या सहीची जागा कोरी आहे.