पातं बाहेर पडतं ती कड

३ जून
पोचले एकदाची! खोली छोटी, पण उजेड भरपूर. खिडकीतून बंद झालेली अणुभट्टी दिसते. तिचं पोलादी पात्र हौदातल्या पाण्याखालीच कापून काढायचंय आणि त्यासाठीची करवत मी बनवायची. मी, घरामागच्या शेडमध्ये बाबांच्या हाताखाली कानस धरायला शिकलेली! आईला फोन केला. तिने आधी जेवलीस का विचारलं, अणुभट्टीचं मग.

१९ जून
करवत पाण्यात उतरली. हौदावरच्या लोखंडी पुलावर पाती बदलायला फक्त मामा जातात. नात्याने ते कुणाचेच मामा नाहीत, पण साहेबही त्यांना मामाच म्हणतात. मी पुलाचे बोल्ट पुन्हा तपासायला लागले तेव्हा साहेब म्हणाले, बाईंना पूल घरी न्यायचाय वाटतं. मामांनी सुनावलं की त्याच्यावर उभं मला राहायचंय, तपासू दे पोरीला. माझी झोप उडते ती त्यांच्याच काळजीने.

२६ जून
पातं ज्या बाजूने बाहेर पडतं, त्या कडेला धातूची खरखरीत कोर उरते, तिला बर म्हणतात. आम्ही बाहेरून आत कापतोय, म्हणजे बर आत हवी. कॅमेऱ्यात ती बाहेर दिसतेय. साहेब म्हणाले, चित्र उलटं येत असेल. कॅमेरा बदलला. पात्रावरचा नंबर सुलटा दिसतो. बर बाहेरच.

२८ जून
तुकडा अचानक सुटू नये म्हणून शेवटचा थोडा धातू आम्ही न कापता ठेवतो. काल दोन बोटं ठेवला होता. आज जेमतेम एक बोट आहे. करवत बंद होती, मीच बंद केली होती. साहेब म्हणतात तडा गेला असेल. तडा इतका सरळ?
पात्र रिकामं आहे. आत माणूस क्षणभरही जगणार नाही.

२९ जून
चीर मिटू नये म्हणून पातं तिच्यातच अडकवून ठेवलं. नेहमीची पद्धत. माझाच निर्णय.
सकाळी पाहिलं तर पातं करवतीतून निखळलेलं. निम्मं आत ओढलं गेलंय.

३० जून
पातं पूर्ण आत गेलं. पात्राच्या आतून घासल्याचा आवाज येतोय, भरभर. त्याला पातं मी दिलं — मीच —
काम थांबवा, मी म्हणाले. साहेब म्हणाले, पोरखेळ पुरे. मामा नवं पातं लावायला जाणार.

१ जुलै
मामा पुलावर. त्यांच्यामागे दार बंद झालं, ते फक्त हौदाच्या बाजूने उघडतं. मी बाहेर, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर. माईकवरून ओरडतेय, परत या.
तुकडा सुटला. भोक. काळं.
मामा हसतायत. विचारतायत, कुणाला उतरवलंस गं खाली, बिचारा पातं वर धरून उभा आहे —
नका घेऊ म्हणतेय मी — मामा, नका — ते वाकले, हात पुढे