गल्ला सूनबाईचा, उच्चारही तिचाच

मी, साऱ्या गल्लीत पाववाली म्हणून माहीत असलेली, वय एकाहत्तर, एक कान आणि दोन्ही डोळे शाबूत, डोके तर गरजेपेक्षा जास्तच शाबूत असताना, कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मुलाशी भांडण झाल्यावर रागाच्या भरात लिहिली होती.

कलम १. दुकानावरच्या दोन खोल्या मुलाला आणि सूनबाईला निम्म्या-निम्म्या. नळ गळतो तो निम्मा मुलाचा. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणाला.

कलम २. भट्टी, पत्र्याचे साचे, पाव बाहेर काढायची लांब दांड्याची फळी आणि पीठ मळायचे यंत्र मुलाला. त्याच्या हाताला चव आहे, पण तोंड भट्टीकडेच असलेले बरे. गिऱ्हाइकाशी तो दिवसातून पावणेदोन शब्द बोलतो.

कलम ३. पुढचा गल्ला, तराजू आणि दुकानाचा परवाना सूनबाईला. याचे कारण लांबलचक आहे, पण ते लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी लोण्याला लोनी आणि साखरेला साकर म्हणत असे. माझ्या माहेरच्या बाजूला सगळेच तसे म्हणतात. पहिल्याच आठवड्यात, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, काय वाढू म्हणालात? परत म्हणा ना!" मी भाबडेपणाने परत म्हटले. घर हसून लोटपोट झाले. पुढे वर्षभर मी भट्टीमागे उभी राहून लोणी, लोणी असे घोकत होते. जीभ अशी वळली, की नणंदबाईंचाच उच्चार मला कच्चा वाटू लागला.

आमच्या दुकानात चारही दिशांचे गिऱ्हाईक येते. कोणी लिंबू म्हणते, कोणी निंबू; कोणाचे अंडं, कोणाचा अंडा. गल्ल्यावरून आत ओरडून ऑर्डर सांगताना गिऱ्हाइकाचाच शब्द वापरायचा, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. "निंबूचा केक एक!" अशी हाक ऐकली की निंबूवाल्याचा चेहरा खुलतो. तो नियम मी परक्यांसाठी जन्मभर पाळला.

सून मुद्दाम माझ्याच माहेरच्या बाजूची आणली. गेल्या वर्षी ऐन गर्दीत तिने आत हाक दिली, "दोन पाव, लोनी लावून!" आणि मी अख्ख्या रांगेसमोर बोलून गेले, "लोणी गं, लोणी! लोक हसतील." लोक हसले ते मी बोलले म्हणून. तेव्हापासून सूनबाई ऑर्डर चिठ्ठीवर लिहून आत सरकवते. विचारले तर म्हणते, "घसा बसलाय, आई." अकरा महिने कोणाचा घसा बसत नाही.

कळत असून मी मूग गिळून बसले. मग गेल्या आठवड्यात सहा वर्षांची नात आईला म्हणाली, "तू नको बोलूस, आजीला बोलू दे." नणंदेला जन्मभर नावे ठेवली आणि तिचेच काम मी पुढे चालवले.

म्हणून यापुढे गल्ल्यावरचा आवाज सूनबाईचा, तिच्या तोंडी येईल तसा. चिठ्ठ्यांची वही मी भट्टीत घातली आहे. जो तिला सुधारेल त्याला त्या दिवशी पाव मिळणार नाही, मग तो माझा मुलगा असला तरी.

कलम ४. नणंदबाईंना हयातभर रोज सकाळी एक पाव फुकट. मात्र स्वतः येऊन घ्यावा. सूनबाई विचारेल, "लोनी लावू का?" त्यावर उत्तर एकच द्यायचे, "हो."

कलम ५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. पण मी गेल्यावर माझी माफी घेऊन ती पोर काय करणार? म्हणून वरची चार कलमे आजच साक्षीदारांदेखत तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. सुरुवातीला ती जपून लोणी, लोणी वाचत होती. तिसरे कलम संपल्यावर थांबली, डोळे पुसले आणि चौथे खणखणीत वाचले.

"चुकलं गं माझं," मी म्हणाले.

ती म्हणाली, "आई, तुम्ही म्हणा ना एकदा. आपल्याकडचं."

मी म्हणून पाहिले. लोणीच आले. पुन्हा प्रयत्न केला, तरी लोणीच. माझ्या आईने घासाबरोबर भरवलेला शब्द माझ्या तोंडातून कधीच गेला होता आणि मला पत्ताही नव्हता. मला रडू आले, ते लपवले नाही.

सूनबाई हसली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "सावकाश म्हणा. उद्या परत बसू."

तरी सर्वांनी नोंद घ्यावी, की सही आज करत असले तरी इतक्यात मरायला मला सवड नाही.

लिहून देणार: पाववाली (सही)

साक्षीदार:
१. समोरचे शिंपीकाका (सही, चष्मा पुसायला दोनदा थांबले)
२. दूधवाली मावशी (सही, त्या लोण्याला तिसरेच काही म्हणतात, ते त्यांनी खुशाल म्हणावे)

स्थळ: दुकानामागची पिठाची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, दुपारची भट्टी लागण्याआधी