बाबांची पेटी कुठं ठेवायची?

प्रिय लंबोक,

फोन केला की तुझी बायको सांगते, तू प्रार्थनेत आहेस. सकाळी प्रार्थनेत, दुपारी प्रार्थनेत. बरं बाबा, राहा प्रार्थनेत. कागदाला तरी नाही म्हणता येणार नाही ना, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळं छान आहे. कांदा यंदा भरपूर आला, सरोवराचं पाणी निवळ आहे, माझे गुडघे कुरकुरतात पण चालतात. तुझे दाजी आहेत तसेच आहेत. शनिवारी कामाला हात लावत नाहीत आणि डुकराकडे बघतसुद्धा नाहीत. आपल्या रीतीप्रमाणे नव्या थडग्यात एकत्र ठेवायला आई-बाबांच्या अस्थी जमिनीतून वर काढल्या त्या दिवशी सगळं गाव डुकरावर ताव मारत होतं आणि तुझे दाजी एका कोपऱ्यात तिरफळं घातलेला मासा घेऊन बसले होते. त्यांच्या पंथात चालत नाही ना!

तू आला नाहीस. एकुलता एक मुलगा तू, कवटी खांद्यावरच्या कापडात झेलायचा मान तुझा. वाट बघून बघून शेवटी मीच खड्ड्यात उतरले. आत्या वरून ओरडली, "अगं, पोरीनं झेलायचं असतं का कधी?" मी म्हटलं, "मग ये की तू, नव्वदीला टेकलीस म्हणून काय झालं?" सगळे खो खो हसले. आधी आईला झेललं, मग बाबांना. आम्ही बायकांनी हळदीच्या पाण्यात लिंबू पिळून सगळं नीट धुतलं. तुला वाटेल मी रडले असेन. छे! बाबांचा पुढचा दात अजून तसाच अर्धा तुटका होता. तो बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कितीतरी दिवसांनी ते घरी आल्यासारखे वाटले.

आईच्या अस्थींची पेटी क्रुसाच्या नव्या थडग्यात जायला तयार आहे. बाबांची मात्र माझ्या घरात, तांदळाच्या कणगीशेजारी आहे. का, ते तुला ठाऊक आहे. तूच चर्चच्या पंचांना पत्र घातलंस. ज्यानं बाप्तिस्मा घेतला नाही त्याला क्रुसाखाली ठेवू नका, तो कायमच्या आगीत आहे, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणणं ही लोकांची फसवणूक आहे. चौदा वर्षांपूर्वी बाबांना मातीत ठेवतानाही तू हेच बोललास, आईच्या तोंडावर. तेव्हा मला तुझा फार राग आला होता, आता नाही. आपल्यात मुलाची हरकत असली की पेटी कुणी उचलत नाही, म्हणून पंच गप्प आहेत. पुढच्या गुरुवारी थडग्याचं झाकण बसेल. तोवर तुझा होकार आला नाही, तर आई क्रुसाखाली आणि बाबा डोंगरात एकटे.

तुझ्या पत्रानं पंगतीत मात्र धमाल उडवली. दाजी म्हणाले, "कायमची आग कसली? पेंढा जळायला किती वेळ लागतो? जळला, राख झाली, संपलं. देव काय जन्मभर निखारे फुंकत बसणार आहे?" आत्या खवळली, "म्हणजे माझा भाऊ राख? वा रे वा! डुकराची फोड खाल्ली असतीस तर डोकं ठिकाणावर राहिलं असतं तुझं." तिचं म्हणणं, देव शेवटी सगळ्यांना घरी आणणार, उशिरा येणाऱ्यांचे फक्त कान पिरगाळणार. "नऊ पोरं झाली मला. एकाला तरी बाहेर ठेवून कडी लावली का मी?" पंचांमधले सिहोलकाका तुझ्या बाजूचे. ते म्हणाले, "येशूनं स्वतः सांगितलंय, ती आग विझत नाही. तुम्हाला गोड लागत नाही म्हणून ते पुसून टाकायचं का?" खोटं कशाला बोलू, लिहिलेलं आहेच तसं. मग सगळ्यांनी नव्या पाळकबाईंकडे बघितलं. पोरगी तिशीचीसुद्धा नाही, पण धीराची. भाताचा घास गिळून म्हणाली, "आग आहे हे मी पुसणार नाही. पण आत कोण कोण आहे, हे मला कुणी सांगितलेलं नाही. लंबोकदादांना सांगितलं असेल तर त्यांनाच विचारा." आत्यानं लगेच तिच्या पानात आणखी एक मोठी फोड वाढली.

पण हे सगळं हसणं-खिदळणं डबा उघडायच्या आधीचं. बाबांच्या शवपेटीत, छातीपाशी, एक गंजका बिस्किटांचा डबा निघाला होता. मी तो बाजूला सारून ठेवला होता, पण आत्याची नजर कसली सुटते! तिनं झाकण उचकटलं. आत आईच्या लुगड्याचा तुकडा आणि त्यात करंगळीएवढी हाडं. "हे कुणाचं गं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बाबांना पेटीत निजवलं होतं आईनं आणि मी. मग सांगावंच लागलं. लंबोक, आपल्याला आणखी एक भाऊ होता. अकरा दिवसांचा. तेव्हा आपण वर डोंगरातल्या शेतावर राहायचो, म्हणून गावात फारसं कुणाला कळलं नाही. बाप्तिस्मा मिळायच्या आत तो गेला. त्या वेळच्या पाळकांनी घंटा वाजवू दिली नाही, चर्चच्या आवारात जागाही दिली नाही. त्याच नाताळला बाबा स्वतः बाप्तिस्मा घेणार होते, नवा सदरा शिवून तयार होता. त्यांनी पाळकांना विचारलं, "माझं पोर कुठं आहे?" पाळक म्हणाले, "ते आत आहे असं मला म्हणता येत नाही." बाबा म्हणाले, "मग मीही बाहेरच बरा. एवढंसं पोर, एकटं घाबरेल." बस्स, एवढंच. पुढं दर रविवारी ते आपल्याला चर्चच्या दारापर्यंत पोचवायचे आणि स्वतः आंब्याखाली बसून राहायचे. तू म्हणायचास, बाबांचा देवावर राग आहे. नव्हता रे. शेतावरून घर खाली हलवलं तेव्हा बांधाखालची ती हाडं त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून डब्यात घेतली आणि आईला सांगून ठेवलं, मी जाईन तेव्हा हा माझ्याबरोबर. हे ऐकून सिहोलकाकांनी दोनदा नाक शिंकरलं आणि म्हणाले, "लंबोक हो म्हणाला तर माझी ना नाही."

आता जे पंगतीतही सांगितलं नाही ते लिहिते. यासाठीच हे पत्र. आईनं मला शपथ घातली होती, आणि ती गेल्यावरही सहा वर्षं माझी जीभ रेटली नाही. तो तुझ्या आधीचा नव्हता आणि नंतरचाही नव्हता. तो तुझ्याबरोबरचा होता. एकाच टोपलीत निजायचात तुम्ही दोघं, एकमेकांच्या तोंडात बोटं घालून. दोघांनाही ताप चढला तेव्हा बाबा डोंगर उतरून गेले आणि बाप्तिस्मा द्यायला चर्चच्या गुरुजींना होडीतून घेऊन आले. तू जास्त रडत होतास, म्हणून गुरुजींनी आधी तुला उचललं. तुझ्या डोक्यावर पाणी घातलं, तुझं नाव घेतलं आणि ते वळले, तोवर तो गेला होता. मी नऊ वर्षांची, पाण्याचा वाडगा माझ्याच हातात होता. आपण भावाच्या वाटचं घेतलं असं तुला कधी वाटू नये, म्हणून आई बोलली नाही. मीही तुला दोष देत नाही, तूही मनाला लावून घेऊ नकोस. तू रडलास, एवढंच. थडग्यावर दोन नावं कोरून झाली आहेत. तिसरं नाव कुणी ठेवलंच नव्हतं, आणि ते ठेवायचा हक्क तुझ्याइतका कुणाचाच नाही. म्हणून गुरुवारी ये. भावाचं नाव ठेव, आणि मग तो कुठं आहे ते तुझ्या तोंडानं मला सांग. तू सांगशील तिथं बाबांची पेटी ठेवू. आणि काहीही सांगितलंस तरी जेवल्याशिवाय मी तुला परत पाठवणार नाही.

तुझीच,
तिउर्माताई