घरच्या फोनवरचे अकरा कॉल

ता. १४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पोरं मजेत असाल. आम्हीही बरे आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बाबांचा खोकला गेला, गुडघा तसाच आहे.

नोकरीचं कुठवर आलं, असं तू विचारलंस. कुठवरही आलेलं नाही. रंगाच्या कारखान्याने छटा जुळवायला मशीन आणून मला घरी पाठवलं त्याला सात महिने झाले. या सात महिन्यांत मी एवढंच शिकले, की ‘लवकरच कळवू’ याला काही अर्थ नसतो. अर्ज पाठवला की मिनिटभरात उत्तर येतं, तेही मशीनचंच. ‘आपला अर्ज मिळाला. आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील.’ मग चिडीचूप. आठवण केली की पुन्हा तेच उत्तर, तितक्याच उत्साहाने. अरे, नको असेन तर नको म्हणा. वाटाण्याच्या अक्षता लावा, मी मुकाट्याने परत जाईन. पण ताकास तूर लागू द्यायची नाही, ही कुठली पद्धत? माझ्या मेलचे मथळेसुद्धा ‘नम्र आठवण’, ‘पुन्हा एकदा नम्र आठवण’ असे होत गेले. आता माझ्यातला नम्रपणा संपला आहे.

सगळ्यात जास्त डोक्यात गेली ती गेल्या महिन्यातली मुलाखत. तिथे तिघांनी मला एक करडी पट्टी दिली आणि म्हणाले, जुळवा. मी ती उजेडात बघायला खिडकीपाशी गेले, तर ते हसले. वीस मिनिटांत नुसत्या नजरेने रंग कालवून पट्टी रंगवली, वाळवली, शेजारी ठेवली. आपली कुठली आणि माझी कुठली, हे त्यांना ओळखता येईना. त्यातले वयस्क गृहस्थ तर म्हणाले, बाई, आता इथेच थांबा. दारापर्यंत सोडायला आलेली भरती विभागातली मुलगी म्हणाली, दोन दिवसांत फोन येईल.

एकोणीस दिवस झाले. काल सकाळी मी सरळ तिथे जाऊन धडकले. त्या मुलीला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच गेले होते. तिने शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं : इच्छुक नाही. वडिलांनी कळवले.

“मॅडम, आम्ही फोन केला होता,” ती म्हणाली. “तुमचे वडील म्हणाले, तिला कायमची नोकरी आहे, उगाच त्रास देऊ नका. परवा ती जागा भरली.”

दादा, आता तुला खरं सांगायलाच हवं. बाबांना सगळं माहीत आहे, पण त्या विषयाने त्यांना त्रास होतो, तेव्हा फोनवर काढू नकोस, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी रोज साडेआठला डबा घेऊन निघते, वाचनालयात बसून अर्ज करते आणि सहाला दमून परत येते. संध्याकाळी कामावरच्या तक्रारीही सांगते. एक नवा साहेबसुद्धा तयार केला आहे मी. बाबा त्याच्यावर इतके चिडून असतात की एकदा त्याला पत्र लिहायला निघाले होते.

ज्या दिवशी मला काढलं, त्या दिवशी घरी आले तर ते शेजारच्या काकांना सांगत होते, मला काही काळजी नाही, मुलीची नोकरी पक्की आहे. तेव्हा जीभ रेटली नाही. उद्या सांगू म्हटलं, आणि तो उद्या सात महिने लांबला.

घरचा नंबर अर्जावर आला तो माझ्याच गाढवपणामुळे. जुना मोबाइल कारखान्याने दिलेला होता, तो जमा केला. त्याच दिवशी पहिला अर्ज लिहिला, त्यावर घरचा नंबर टाकला. नवा मोबाइल घेतला, पण पुढचे सगळे अर्ज त्या पहिल्यावरूनच उतरवत गेले. करड्याच्या दोन छटांमधला केसाएवढा फरक मला दिसतो, आणि स्वतःचा फोन नंबर दिसला नाही.

काल घरी आले आणि बाबांना विचारलं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीची सवय, त्यांनी प्रत्येक कॉल वहीत नोंदवलेला. तारीख, वेळ, कंपनी, नंबर. अकरा. या कंपन्या मला फोडायला बघतात असं त्यांना वाटलं. माझं मन चळू नये म्हणून मला सांगितलं नाही. अभिमानाने वही दाखवत होते रे. आणि मग मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. वही मिटून ठेवली. मग म्हणाले, “एकतीस वर्षांत मी कुणाचा चालू कॉल तोडला नाही. तू माझ्याकडून अकरा तोडवलेस.”

त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. पण आज सकाळी दहाला दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनपाशी बसले आणि वहीतल्या क्रमाने एकेक नंबर फिरवला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. प्रत्येकाला सांगत होते, मागच्या वेळी माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली, माझी मुलगी काम शोधते आहे. दहा ठिकाणी जागा भरल्या आहेत. अकराव्याने घरचाच नंबर लिहून घेतला आणि म्हणाला, लवकरच कळवू.

मी त्यांना सांगायला गेले, बाबा, असं सगळेच म्हणतात. त्यांनी हातानेच मला गप्प केलं. जेवायलाही उठले नाहीत, ताट तिथेच नेऊन दिलं. मला ताटकळत ठेवलं ते मी सोसलं. पण आता तसेच ताटकळत बाबा फोनपाशी बसलेत ते बघून माझा इतका संताप होतो, की कुणावर काढू ते कळत नाही. खरं तर कळतं.

तुला बाबांशी बोलायचं असेल तर माझ्या मोबाइलवर कर, मी त्यांच्या हातात देईन. निदान हा आठवडा घरच्या फोनवर करू नकोस. घंटा वाजली की ते घरात कुठेही असले तरी गुडघा विसरून उठतील, आणि पलीकडे नुसता तू असशील.

तुम्हा दोघांशी खोटं बोललेली,
तुझी धाकटी